डाव्या पंखाचं पीस

जैनुद्दीन सारंग माझ्या दुकानात
दाढीसाठी क्वचितच यायचे.
यायचे वस्तऱ्यासाठी.
सदऱ्याच्या खिशातून डोकावणारं
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गिधाडाचं पीस,
आणि तोंडात ठरलेलं वाक्य:
"गिऱ्हाइकं आटप आधी. मला घाई नाय."

गिऱ्हाइकं कसली. बाणकोटात दुपारची
फेरीबोट पलीकडे गेली
की खाडीच्या या काठावर माशा उरतात.

ऊद त्यांनी मस्कतहून आणलेला,
गलबतावर सुकाणू धरायचे तेव्हा, खजुराच्या पोत्यांत दडवून.
उभ्या चिरलेल्या फणसासारखं पोट,
मान मागे मोडलेली, अकरा तारा.
सोबतची नखी वाटेतच चिरली.
तेव्हापासून म्हसळ्याच्या डोंगरात
गिधाडांच्या झाडांखाली खाली बघत हिंडणं आलं.

डाव्या पंखाचंच हवं. उजव्या हाताला तेच वळतं,
असं त्यांचं मत, आणि मी कोण वाद घालणारा.
उजव्या पंखाची सापडली
तर तिथल्याच ओढ्यात सोडून यायचे.

दाढीचं पाणी तापवायच्या स्टोवर मी तवा ठेवायचो,
तव्यात किनाऱ्यावरची वाळू.
बोटाला सोसेल न सोसेल अशी झाली
की पिसाचा दांडा तिच्यात खुपसायचा.
दुधट दांडा बघता बघता काचेचा होतो.
मग माझी हजामत सुरू:
दोन्हीकडचे केस सोलायचे,
आतली भेंडासारखी गीर खरवडायची,
टोक करंगळीच्या नखाएवढं गोल,
आणि कडेची धार मोडायची, पण पुरती नाही.
तारेला ती बोचू नये. तारेवर ती झोपूही नये.
शेवटी खोबरेलात रात्रभर.

"नखी नाय रे ही, जीभ हाय," ते म्हणायचे.
"तू वाकडी कापलीस तर ऊद खोटं बोलंल."

मुठीतून आरपार धरून
ते जाड तारेवर पहिला हात टाकायचे
तेव्हा खुर्चीतला माणूस
गालावरचा साबण सुकला तरी बोलत नसे.

मग गिधाडं गेली.
गुरांना टोचायचं कुठलंसं औषध, म्हणे.
मेलेला बैल चार चार दिवस तसाच पडायला लागला.
आम्ही कोंबडा करून पाहिला, दुसऱ्या दिवशी लोळला.
कावळा चिरला.
कुरवाचं पीस कितीही उकळा, वासच मारायचं.
घार बरी, पण सगळ्याच तारांवर एकाच चढ्या आवाजात.
अखेर वायरमनकडच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर
पाच वर्षं निघाली.
"वाजतं," ते म्हणायचे. "चूक कायच नाय.
फक्त कोण बोलतंय ता कळत नाय."

गिधाडाचं एकच उरलेलं, औषधाच्या डबीत,
ईदेपुरतं बाहेर निघायचं.

गेल्या साली पुतण्याचा खांदा धरून आले.
उजवा हात झोळीत, ओठाचा एक कोपरा खाली.
"तारा उलट्या चढवल्या," म्हणाले,
"आता डावा शिकतोय."
डबी उघडली, पीस डाव्या मुठीत धरलं.
ते तारेकडे पाठ करून बसलं.
फिरवून धरलं, उताणं धरलं.
मी वस्तरा काढला, आणि परत मिटला.
पिसाचा बाक कापता येत नाही.

ओढ्याचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही.
चाळीस वर्षांची उजवी पिसं त्यानं नेली होती,
खाडीत, बाराच्या तोंडातून पुढे.

"तू ठेव," म्हणाले. "तुझा हात उजवा हाय."

मला वाजवता काहीच येत नाही.
बोट पलीकडे गेलेली असली
की मी ते कंगव्यावरून फिरवतो,
जाड दातांकडून बारीक दातांकडे.
मध्ये एका जागी आवाज जरासा वळतो.
तिथे थांबतो.
मग पुन्हा जाड दातांपासून.