शेरा

कुपवाडच्या फौंड्रीत, टाइम ऑफिसात
हजेरीबुक माझ्याकडे असतं.
शेवटचा रकाना शेऱ्याचा, दीड इंच रुंद.
जगदाळे साहेब सांगतात, मी लिहिते.
अक्षर माझं वळणदार, सगळेच म्हणतात.

अभयसिंह मोल्डिंगवर दोनदा चुकला,
तिसऱ्यांदा मशीनपाशीच रडला.
साहेबांनी केबिनचं दार लोटलं,
चहा दोनदा मागवला.
"आपल्या पाहुण्यातला पोरगा. बायको माहेरी गेलीय.
लिहा, प्रकृती अस्वास्थ्य. आठ दिवस, भरपगारी."
लिहिलं.

सुगत बनसोडेचा भाऊ मिरजेच्या सिव्हिलमध्ये वारला,
त्याला महिना होत आला होता.
सुगत नुसता उभा राहायचा
भट्टीकडे बघत, हातात रिकामा करछा.
साहेब लांबूनच म्हणाले,
"तोंडाचा वास घ्या रे त्याच्या."
वास नव्हता.
"नसू दे. लिहा, संशयास्पद."
पुढे म्हणाले, "ह्यांना काही बोलायची सोय नाही.
उद्या अर्ज करतील वरती."
तेवढं लिहायचं नव्हतं.

कोअर शॉपच्या शहनाजसाठी
त्यांनी आवाजही खाली आणला नाही.
"घरचं घरी ठेवून यायचं, बाई."
आणि माझ्याकडे वळून, हसत,
"महिन्यातून एकदा असतंच ह्यांचं."
मीही हसले. थोडंसंच.
तिचं मनगट निळं होतं.
दीड इंचात मी लिहिलं : कामात लक्ष नाही.

काल माझी ओळ वाकडी गेली.
साहेब वाकून बघत होते.
"काय झालं?"
म्हटलं, पेन संपलंय.
त्यांनी खिशातलं काढून दिलं.

चांगलं चालतं.