थंड पाणी

रक्त कधी गरम पाण्यात घालू नये,
पक्कं बसतं.
थंड पाणी, मूठभर मीठ आणि धीर:
आईनं शिकवलं मला हे
बाळंतिणींच्या चादरी धुता धुता,
पिएत्राफोस्कात,
जिथल्या हौदाला ऊन दुपारनंतरच सापडतं.

एर्सिलियाचे कपडे माझ्याकडे आले ते त्यामुळे.
दर शनिवारी एक बोचकं.
गुरुवारी रात्री सुरू व्हायचं तिचं,
शुक्रवारी तीनच्या ठोक्याला थांबायचं.
दोन तळहात, दोन पावलं, डावी कूस.
कुशीची पट्टी सगळ्यांत जड.
मी देवाबद्दल बोलत नाही,
ओल्या कापडाच्या वजनाबद्दल बोलतेय,
त्यातलं मला कळतं.

लोक खेचरांवरून यायचे,
आंधळे, वांझ, कोर्टात हरलेले.
पट्टीच्या बोटभर तुकड्यासाठी
जिवंत कोंबडी पुढं करायचे.
मी नाही म्हटलं.
माझा दीर रोक्को नाही म्हणाला नाही.
मेंढराच्या रक्तात बुडवलेल्या चिंध्या
त्यानं तीन जत्रांत विकल्या,
आणि त्यातल्या एकीनं म्हणे
कुठल्याशा पोस्टमास्तरचा गुडघा बरा झाला.
आता काय बोलायचं?

नेपल्सहून डॉक्टर क्वालिया आले.
तिच्या हातांना पट्ट्या बांधून
गाठींवर लाख ओतली, शिक्का मारला,
नोटरीची सही घेतली,
जणू वाटणीला निघालेलं शेत होती ती.
आठ दिवसांनी लाख शाबूत
आणि खाली रक्त ताजं.
डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.
पुसतच राहिले.

मग बिशपांचे मोन्सिन्योर मला म्हणाले,
क्रुसावर हात ठेव आणि सांग,
गादीत, उशीत, कुठल्या शिवणीत
काही टोचणारं सापडलं कधी?
नाही, मी म्हटलं.

सापडलं होतं.
मार्चमध्ये, अभ्र्याच्या दुमडीत, एक सुई.
राखाडी दोरा ओवलेली, दोऱ्याच्या टोकाला गाठ.
टोचून घ्यायचं तर गाठ कोण मारतं?
पण शिवायचं तरी कसं, त्या बोटांनी?
हे दोन प्रश्न अजून माझ्या अंथरुणात आहेत,
एकमेकांकडे पाठ करून निजलेल्या
नवराबायकोसारखे.

एकदा बोचकं मीच वर नेऊन दिलं.
तिच्या खोलीत व्हायोलेटच्या फुलांचा वास येतो म्हणायचे.
मला उकडलेल्या कांद्याचा आला,
आणि तापाचा.
तिनं माझे हात धरले,
राखेच्या पाण्यानं चिरलेले,
दर हिवाळ्यात उलणारे, भेगांतून पाझरणारे.
दुखतं? तिनं विचारलं.
चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
नवऱ्यानं नाही, पाद्रीबाबांनी नाही.
सवय आहे, मी म्हटलं.
ती हसली. म्हणाली,
मला अजून नाही झाली गं.

द्राक्षांच्या तोडणीत गेली.
मयताला अंघोळ घालणाऱ्या बायका सांगतात,
तळहातांवर काही नव्हतं,
दुधावर साय धरावी तसं नितळ कातडं.
कागदं रोमला गेलीत.
एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातात,
तिथंही कुणी दार लावून ठरवत असेल.
मला कुणी पुन्हा विचारलं नाही.

सुई माझ्याकडेच आहे.
तिनं मी रोक्कोच्या पोरांच्या
विजारींचे गुडघे शिवते.

तिची शेवटची चादर आली ती कोरी.
ना डाग, ना वास.
तरी मी ती थंड पाण्यातच घातली,
मूठभर मीठ टाकलं,
आणि हौदाच्या काठावर बसून राहिले
ऊन येईपर्यंत.