शेवटच्या हिमाआधी

पाकिटावर लिहिलं होतं:
शेवटच्या हिमाच्या दहा आठवडे आधी
घरात, उजेडात पेरावं.
एर्मेलिंदानं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.
तिला मोतीबिंदू, मला इंग्लिश दवाखान्यापुरतं.
"हिम म्हळ्यार?"
बर्फच, म्हटलं, पहाटे जमिनीवर धरणारा.
चोडणात बर्फ येतो तो मासळीच्या पेटीतून,
फेरीबोटीनं, सकाळी सातला.
त्याची शेवटची तारीख कुणी लिहून ठेवत नाही.

मग हिमाऐवजी आम्ही रानुल्फपासून उलटं मोजलं.
तो नाताळाला येणार, स्विंडनहून. येतो म्हणालाय.
पाकीट त्यानंच धाडलेलं.
कॅलेंडरवर बोट मागे मागे नेत गेले,
वाटेत दिवाळी लागली, ओलांडली.
दहा कमी पडतील म्हणून सोळा धरले.
सोळावा आठवडा निघाला सप्टेंबरच्या तोंडाशी.
बाहेर पागोळ्या. अंगणात टाकलं असतं
तर सगळं मांडवीत.

पिटुनियाचं बी बघितलंय कधी?
चाळीस वर्षं मी पुड्या बांधल्या,
सोड्याच्या, सल्फाच्या,
पोरांसाठी पाव गोळी साखरेत खलून.
पण इतकं बारीक काही
माझ्या खलातून निघालं नव्हतं.
पदर नाकाला धरला.
कागदाला घडी, घडीत पन्हळ,
आणि कडेवर बोटाची टिचकी.
एका टिचकीला चार दाणे.
कधी नऊ.
अंड्यांच्या ट्रेमध्ये चाळलेली माती,
वर मात्र काही घालायचं नाही.
"पांगरूण नासतना?" एर्मेलिंदाला पटेना.
यांना उजेड लागतो गं. उघडीच निजतात.

रोज यायची, काठी दाराला टेकवायची.
"किर्ल आयली?"
"ना."
चवथीला टेबल हवं होतं,
वर माटोळी, कांगलां, तोरिंजनं, सुपारीचे घोस,
म्हणून ट्रे गेले फ्रिजवर,
कॉम्प्रेसरच्या उबेत, ट्यूबलाइटच्या खाली.
दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो,
ओले हात पुसत सहज वर पाहिलं
तर मातीवर
हिरवी धूळ.
खिडकीतूनच हाक मारली तिला.
ती ट्रेवर वाकली, नाक जवळजवळ टेकलं.
"कांय दिसना," म्हणाली,
आणि इतकी हसली की मीच घाबरले,
उडतील म्हणून.

माझीच चूक. मायेनं वरून पाणी घातलं.
एका सकाळी सव्वीस आडवी,
बुंध्याशी दोऱ्यानं आवळल्यासारखी.
चुलीतली राख भुरभुरवली, पंखा एकवर ठेवला,
पाणी खालून, बशीत.
आकडा तिला सांगितला नाही.
तिनंही गेलेल्यांचा विचारला नाही:
"कितलीं उरलीं?"
"अकरा."
"पुरो गो."

ऑक्टोबरात त्यांना खरी पानं आली.
त्याच दिवशी, मी चमच्याची दांडी मुळाखाली सारत असताना,
तिनं सांगितलं, रानुल्फचा फोन आलेला.
गोदामात नाताळाला सगळ्यांनाच सुटी मिळत नाही.
बघतो म्हणाला.
मी रोप उचललं.
देठाला धरायचं नसतं, पानाला धरायचं;
पान फाटलं तर दुसरं येतं.
तिच्या चिमटीत एक दिलं तसंच.
किती वेळ धरून होती,
खड्डा तयार असून.

आज पहिल्यांदा बाहेर काढली.
तिच्या बाल्कांवात, पायरीच्या कोपऱ्यावर,
एकच तास. एवढंच ऊन सोसतं पहिल्या दिवशी.
ती काठी घेऊन राखणीला,
कावळे, माझं मांजर, पाववाल्याची सायकल,
सगळ्यांवर सारखंच वसवसत.
मला तिला विचारायचं होतं काहीतरी.
फेरीचा भोंगा वाजला.
"झाला तास," मी म्हटलं.
"आनीक पांच मिनटां."
"उद्या," मी ट्रे उचलला. "उद्या दोन तास."
तिनं हात पुढे केला,
आणि चुकून, किंवा मुद्दाम,
एका पानाला लावला.