उत्तरेकडं

हार-नारळ घेऊन आप्पा फौंड्रीतनं घरी आले
आणि दुसऱ्याच दिवशी उद्यमनगरातनं
भंगारातला एक ॲक्सल घेऊन आले.
सहा महिने परड्यात वेल्डिंगच्या ठिणग्या.
हिंदुराव, काय चाललंय? शेजारी विचारायचे.
"घर बांधतोय," म्हणायचे, "चाकावरचं."
दोन बाकडी, एक स्टो, जाळीची खिडकी,
मागच्या फळीवर दस्तगीरचाचांच्या हातची निळी अक्षरं:
उत्तरेकडं.

कुठवर, ते ठरलं नव्हतं.
नकाशावर काश्मीरपर्यंत पेन्सिलीची रेघ होती
आणि रेघेच्या सुरुवातीलाच चहाचा डाग.

मार्चात कारखान्याचा पट्टा पडला.
चाचांनी उसाची ट्रॉली धुतली, ताडपत्री बांधली,
मुमताजचाचींनी आत गादी अंथरली.
पुढं आमची जीप, जीपमागं घर,
त्यामागं ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागं दुसरं घर,
ताशी अठरा किलोमीटर.
शिवाजी पुलावर एकजण सायकलवरनं उतरून म्हणाला,
कुठल्या गावची वरात म्हणायची ही?

वाघबिळाच्या चढाला
आप्पांनी स्वतः लेथवर काढलेली जोडपिन
काकडीसारखी मोडली.
चाळीस वर्षं दोन शतांश मिलिमीटरसाठी
भांडलेला माणूस
डांबरावर बसून दोन तुकडे जुळवत राहिला.
मागनं ऊसतोडीची एक गाडी आली, गावाकडं परतणारी.
गाडीतल्या बाईनं जुवाची जास्तीची लोखंडी शिवळ काढून दिली.
ती सैल बसली, पण बसली.
"परत कुठं आणून द्यायची?"
"फुडल्या हंगामाला," म्हणाली, आणि बैल हाकलले.

मलकापूर सोडल्यावर, दिवस कलताना, कडवीचं पाणी.
नाव तेवढं कडवी.
आम्ही ओंजळीनं प्यालो.

आप्पांचा गळ कंपनीचा, रीळवाला,
सोबत माहितीचं पुस्तक.
चाचांनी कणकेत पेंड मळली, हळद घातली,
वर काहीतरी पुटपुटले.
दोघं तास दीड तास तरंगणाऱ्या लाल गोळ्याकडं बघत बसले.
तेवढ्यात खंड्यानं तीन नेले.
आई काठावर वाळूनं पातेलं घासत होती.
"माशाला पुस्तक कळत न्हाई," एवढंच म्हणाली
आणि हात पदराला पुसून उठली.

निरगुडीचा एक सरळ फोक तोडला.
सापडलेल्या मोरपिसाचा देठ दातांनी कापून दोऱ्यात ओवला.
गाठ मारण्याआधी दोरा ओठांनी ओला केला,
गवतातनं बेडकाचं पिल्लू अचूक उचललं,
मला बघवलं नाही.
लुगड्याचा काचा मारून ती शेवाळल्या दगडावर बसली,
तशी मी तिला कधीच बसलेली बघितली नव्हती,
स्वयंपाकघरातही नाही, देवळातही नाही.
देठ एकदा थरथरला. ती हलली नाही.
दुसऱ्यांदा बुडाला आणि
हातभर मरळ काठावर आपटत होती,
काळी, ओली, रागावलेली.

चाचा टाळ्या वाजवायचे विसरले.
आप्पांनी चष्मा काढला, परत घातला.
"हौसा, हे तू कधी शिकलीस?"
"परित्याला. भोगावतीच्या डोहात. आठ वर्षांची हुते."
"एकतीस वर्षांत बोलली नाहीस?"
"इचारलंसा कधी?"

मग कांदा-लसणाची चटणी घातलेलं कालवण,
दगडावर थापलेल्या भाकरी,
आणि खूप वेळ कुणीच काही बोललं नाही.
फक्त मुमताजचाची मधेच हसायच्या,
आणि आई म्हणायची, गप गं.
आप्पा रात्री दोनदा उठून शिवळ हलते का बघून आले.
तिसऱ्यांदा उठले ते पाण्याकडंच गेले
आणि काळोखात तो निरगुडीचा फोक हातात धरून बसले,
दोरा न सोडता.

सकाळी चहाच्या कपाखाली नकाशा पसरला होता.
पेन्सिलीची रेघ वर वर गेलेली.
आई म्हणाली, "हितनं परिते किती लांब पडंल?"
आप्पांनी वीत लावून मोजलं.
काही न बोलता उठले, जीप मागं-पुढं घेतली,
चाचांना हातानं खूण केली, वळवा.

वळायला अर्धा तास गेला.
पुढच्या सीटवर आई, मांडीवर मोरपिसाचा देठ,
मागच्या फळीवर निळ्या रंगात अजून तेच, उत्तरेकडं,
आणि आम्ही सगळे खाली निघालो,
ताशी अठरा,
शिवळ खडखडत.