मालकाचं नाव

मंगळवारी बाजारात पहाटे पिंजरा लावला,
आत रोहूचं डोकं.
नागपूर महापालिकेच्या फॉर्मवर रकाना :
मालकाचं नाव.
मेश्राम बाईंचं पेन थांबलं.
"काहून? बाजार लिहा ना,"
झिंगेवाली शेवंता नान्हे म्हणाली,
"आमचंच खाते, आमच्यावरच गुरगुरते."

चौथ्या दिवशी तिला परत आणलं,
त्याच ओट्यापाशी.
डाव्या कानाचं टोक नव्हतं.
दार उघडलं तरी बसूनच होती.
मग गेली, मागे न बघता,
चहावाल्याच्या कुलरखाली, जिथं पाणी ठिबकतं.

मागल्या उन्हाळ्यात पाच झाली होती,
दोन जगली.
यंदा ओट्याखाली नुसतं पोतं.

तरी शेवंता
टोपली उचलायच्या आधी
रोज एकदा वाकून बघते.