कार्ड क्रमांक चार

दर मार्चमध्ये लाउझित्समध्ये जाते, युरी नोव्काकडे.
दारात बूट काढायचे,
मोहरीतल्या काकड्यांची बरणी उघडेपर्यंत थांबायचं,
मग लॅपटॉप.
किती खोल्या, किती मिळकत, दुखणीखुपणी,
आणि शेवटी ते कार्ड:
एकंदरीत आपल्या आयुष्याबद्दल सध्या आपण किती समाधानी आहात?
शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे पूर्णपणे.

तो चष्माही शोधत नाही.
सातपाच न करता म्हणतो, सात.

पहिल्या वर्षी स्वयंपाकघराच्या दारात हांझा उभी होती
हात पुसत.
तिच्याकडे एकदा बघून त्यानं आकडा सांगितला होता.

कोळशासाठी गाव उठवलं,
आणि ते अजस्र खोदयंत्र तोच चालवत होता
शाळेखालून, स्वतःच्या सफरचंदांखालून,
त्या वर्षी आठ.
भरपाई मिळाली होती, नवं घर, पायाखाली ऊब देणारी फरशी.
बर्लिनचे डॉक्टर फेल्गेनहाउअर निबंधात लिहितात,
वाढलेल्या पैशाचा आनंद साधारण दोन वर्षं पुरतो.
बरोबर आहे. तिसऱ्या वर्षी पुन्हा सात.
फरशी तेवढीच गरम होती.

मग खाण बंद पडली. मी घाबरतच गेले.
"सात," म्हणाला, "अख्खी गल्ली घरी बसलीय,
मला एकट्याला कोण विचारणार, काय करतोस म्हणून?"
निबंधात याचाही आलेख आहे.
त्यातला एक ठिपका मी मोठा करून पाहिला.
त्याला मिशा नव्हत्या.

हांझा गेली त्या वर्षी
प्रश्न वाचताना माझाच घसा बसला.
नियम आहे: शब्द बदलायचे नाहीत,
उत्तर सुचवायचं नाही.
त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं,
बराच वेळ.
सात.

यंदा त्यानंच विचारलं,
"हा सात, आणि ती तिथे उभी होती तेव्हाचा,
तुमच्या यंत्रात दोन्ही एकाच खणात पडतात?"
हो म्हटलं.
त्यानं काकडीचा तुकडा माझ्याकडे सरकवला.

आता खाणीच्या खड्ड्यात पाणी सोडलंय, तळं होणार आहे.
काठावर एक पट्टी रोवलीय, रंगवलेले आकडे असलेली.
संध्याकाळी म्हातारे पाणी कितीवर आलं ते बघायला जातात.
मला गाडीपर्यंत सोडताना युरी म्हणाला,
"आज चारवर आहे.
पण शून्य कुठे धरलाय,
आमच्या जुन्या चौकात की त्याच्याही खाली,
ते कुणी लिहून ठेवलेलं नाही."