यंदा किती काळा

विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं,
याच्यात पैसे घालू नका, कातागिरी-सान,
हा शब्दाला जागणारा मासा नाही.

ओजियाच्या त्या लिलावात
निळ्या टपांतून लाल-पांढरे कोहाकू
सही-शिक्का मारून ठेवल्यासारखे;
एकेकाची किंमत माझ्या मोटारीहून जास्त.
आणि कोपऱ्यात हा. वीतभर, बिनखवल्यांचा, गुळगुळीत,
पाठीवर काळ्याचा एक ओघळ,
जणू कुणाची शाई सांडली
आणि पुसता पुसता फोन आला म्हणून
तो तसाच उठून गेला.

कुमोन्र्यू. नावात नऊचा आकडा आहे, एक ड्रॅगनही आहे.
मला दोन्ही दिसले नाहीत.
मी पैसे मोजले.

अडतीस वर्षं मी सेन्बेईच्या कारखान्यात
सरकत्या पट्ट्याशेजारी उभा होतो.
वाकडी चकती बाजूला. करपलेली बाजूला.
कडेचा टवका उडालेली बाजूला.
निवृत्त झालो तरी बोटं थांबेनात,
जेवताना मुळ्याच्या लोणच्याच्या फोडी
बशीच्या काठावर निवडून ठेवायचो.
फुसाए म्हणाली, काहीतरी छंद लावून घ्या,
नाहीतर उद्या मलाही बाजूला काढाल.

पहिल्याच हिवाळ्यात तो अख्खा काळा झाला.
तळ्यावरच्या ताडपत्रीला बर्फाने पोक आलेलं,
पाणी चार अंशांवर,
खाणं बंद,
आणि तळाशी हा, विझलेल्या कोळशासारखा.
मी विकणाऱ्याला फोन लावला.
तो बराच वेळ हसला, मग म्हणाला,
सांगितलं होतं.

एप्रिलअखेर काळा विरू लागला.
आधी गालांवरून, मग कुशीतून,
घाई नाही, गाजावाजा नाही,
एका सकाळी काठ धूसर,
दुसऱ्या सकाळी तिथे काठच नाही.
जूनमध्ये पांढराफेक,
कपाळावर फक्त अंगठ्याएवढा डाग.

फुसाए तळ्याशी वाकून म्हणाली,
हा तोच कशावरून?

खरंच, कशावरून.
मी गुडघ्यांवर बसलो, हात पाण्यात धरला,
तो आला, बोटं चोखून पाहिली, रिकामी म्हणून वळला,
तेव्हा दिसलं:
डाव्या पराच्या कडेचा टवका उडालेला.
त्यावरून, म्हटलं.

आता सहा वर्षं झाली.
दर ऑक्टोबरात आमची पैज लागते,
यंदा किती काळा,
पणाला एक संत्रं.
ती नेहमी निम्मा म्हणते आणि नेहमी हरते,
मीही हरतो, संत्रं कुणाचंच होत नाही,
मग अर्धं अर्धं खातो.

काल रात्री विजेरी घेऊन गेलो.
शेपटीकडून काहीतरी वर चढत होतं,
धूर की सावली, सांगता येईना.
घरातून हाक आली,
आज कोण आहे?

अजून ठरलं नाही, मी म्हणालो.

बरं, पण दार लोटून घ्या,
गारठा आत येतोय.